एकूण तीस

राष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या सभांना टाचणीराव सत्तावीस वर्षे बसत होते आणि सत्तावीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. महासंघाचे ते एकुलते एक कारकून. इतिवृत्त लिहिणाऱ्याने सभेत बोलू नये, नाहीतर आपलेच बोलणे आपल्याच हाताने लिहावे लागते आणि पुढच्या सभेत ते खणखणीत आवाजात वाचूनही दाखवावे लागते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या कोटाच्या कॉलरखाली टाचण्यांची एक रांग कायम खोचलेली असे. कुठलाही कागद दिसला की त्याला दुसरा कागद टाचायचा, ही त्यांची कामाची रीत. म्हणून महासंघात ते टाचणीराव आणि खेळणाऱ्या मुलींचे टाचणीकाका. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथे ते सुखात होते.

त्या दिवशी मात्र ते बोलले. सहाच शब्द बोलले. "आमच्या इमारतीतले मास्तर शिवून देतील की."

हे सहा शब्द का निघाले ते सांगायला हवे. देशाचा महिला संघ त्या वेळी खंडाच्या अजिंक्यपद स्पर्धेसाठी पात्रता फेरी खेळत होता. गटात चार देश, प्रत्येकाशी दोनदा गाठ, आणि चौघांतून पुढे जाणार एकच. पाच सामने झाले होते. आपण चार जिंकलो होतो, पलीकडच्या देशानेही चार. सहावा सामना त्यांच्याशीच, आपल्या घरी. जो जिंकेल तो जाईल, इतका सोपा हिशेब.

हे चार विजय आकाशातून पडलेले नव्हते. संघात दोन परिचारिका होत्या, एक लिफ्ट दुरुस्त करणारी, एक दंतवैद्याची मदतनीस, आणि कप्तान औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. सकाळी आठ वाजता हॉल बॅडमिंटनवाल्यांच्या ताब्यात जाई, म्हणून या पहाटे साडेपाचला येत. पहिल्या परदेशी सामन्याला जाताना त्यांची बस वाटेत बसली. शेवटचे चार किलोमीटर त्या पिशव्या खांद्यावर घेऊन चालत गेल्या, कपडे बदलले आणि अकरा गुणांनी जिंकल्या. टाचणीरावांनी या घटनेची नोंद 'प्रवास : किंचित विलंब' अशी केली, पण ती करताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि शाई थोडी पसरली. तो डाग अजून दप्तरी आहे.

घोटाळा झाला तो पाचव्या सामन्यात. जर्सीवरचे आकडे चिकटवलेले होते. दंतवैद्याच्या मदतनिसाचा नंबर अठरा. घामाने तिच्या पाठीवरचा आठ सुटला, मैदानात पडला आणि त्यावरून प्रतिस्पर्धी संघाची एक खेळाडू घसरून थेट पंचांच्या मिठीत गेली. त्यानंतरचे मदतनिसाचे सहा गुण गुणलेखकाने 'एक नंबर'च्या नावावर लिहिले. एक नंबर आपल्या संघात नव्हतीच. नसलेल्या खेळाडूने सहा गुण कसे केले यावर दीड तास चर्चा झाली. मग खंडाच्या मुख्यालयातून तीन पानी पत्र आले : पुढच्या सामन्याला आकडे शिवलेले हवेत, पाठीवरचा आकडा वीस सेंटिमीटर उंच हवा, आणि पांढरा रंग हा पांढरा असावा.

हातात दहा दिवस. कारखाने सहा आठवडे मागत होते. सभेत इतकी शांतता पसरली की टाचणीरावांना लिहायला काही उरले नाही. रिकाम्या हाताला सवय नव्हती, म्हणून तोंड उघडले गेले. ठराव क्रमांक सात एकमताने मंजूर झाला आणि त्यात स्वतःचे नाव त्यांना स्वतःच लिहावे लागले.

टाचणीरावांच्या इमारतीत अठरा बिऱ्हाडे. त्यांनी ही बातमी फक्त बायकोला सांगितली, त्यामुळे सर्वांना कळायला संध्याकाळ झाली. जिन्यात पहिले गाठले ते दोन नंबरच्या जकातवाल्यांनी. चाळीस वर्षे लोकांच्या बॅगा उघडून त्यांना कापडातले सगळे कळत होते, निदान घडी घातलेल्या कापडातले. कापड जाड घ्या, म्हणाले, आब राहतो. नऊ नंबरच्या गाण्याच्या बाईंनी वरच्या जिन्यात अडवले. कापड पातळ हवे, त्यातून बेंबीपासून श्वास घेता आला पाहिजे. या दोघांत अकरा वर्षे अबोला होता. बाईंचे विद्यार्थी जकातवाल्यांच्या खिडकीला सायकली टेकवतात, एवढेच कारण. पण जतन नीट केले होते. मधल्या जिन्यात अडकलेल्या टाचणीरावांनी दोन्ही सल्ले निमूट ऐकले आणि मास्तरांकडे गेले.

मास्तर म्हणजे तळमजल्यावरचे शिंपी, एक नंबर. साठी ओलांडलेले, नाकावर जवळचा चष्मा, कानाशी जुन्या शिलाई मशीनचा खडखडाट. कामात बिनतोड. त्यांची एकच अट : मापे आणि आकडे समोरच्याने मोठ्याने सांगायचे आणि ते स्वतःच्या वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवणार. दुसऱ्याचा कागद त्यांना चालत नसे. दुसऱ्याच्या अक्षरात शिवलेला कपडा कधी बसत नाही, म्हणत. टाचणीरावांनी यादी वाचली. चार, पाच, सहा, सात करत तेवीसपर्यंत आले. प्रत्येक नंबराबरोबर मापे. शेवटी कप्तानाची मापे सांगितली आणि नंबर सांगितला. त्याच वेळी मास्तरांचा पाय कुठल्याशा पडद्याची कड संपवत होता. मशीन खडखडत होते. मास्तरांनी एकदा उलट विचारले, टाचणीराव हो म्हणाले, आणि दोघे समाधानाने चहा प्यायले.

सहा दिवसांनी गठ्ठा तयार झाला. टाचणीराव आणायला गेले. एक गठ्ठा अपेक्षित होता, तिथे तीन होते.

"बारा सांगितल्या होत्या, मास्तर."

"अकरा सांगितल्यात." मास्तरांनी वही पुढे सरकवली. "अकरा आकडे, अकरा मापं. मग शेवटचं माप दिलंत आणि म्हणालात, एकूण तीस. मी विचारलंसुद्धा, एकूण तीस? तुम्ही म्हणालात, हो हो, एकूण तीस."

"मग?"

"मग केल्या तीस. उरलेल्या एकोणीस त्या शेवटच्या मापाच्या. आकडे सांगितले नव्हते, म्हणून पाठी कोऱ्या ठेवल्यात. आपल्या मनाने कुणाच्या पाठीवर काही लिहू नये."

कप्तानाचा नंबर होता एकोणतीस. टाचणीराव स्टुलावर बसले. ज्या माणसाने सत्तावीस वर्षांत एकही स्वल्पविराम चुकवला नव्हता, त्याने राष्ट्राच्या नावावर एकोणीस कोऱ्या जर्सी शिवून घेतल्या होत्या. त्यांनी प्रत्येक जर्सी उलगडून पाहिली. एकेक टाका मुंगीएवढा आणि सगळ्या मुंग्या रांगेत. चूक इतकी सुबक त्यांनी आधी पाहिली नव्हती.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले. "सत्तावीस वर्षं बोलला नाहीत तेच बरं होतं," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तान जर्सी न्यायला आली. औषधांच्या दुकानाचा निळा कोट अजून अंगात होता, गुडघ्याला पट्टा. स्वतःचा नंबर काही सापडेना, तेव्हा टाचणीरावांना सगळे सांगावे लागले. ती शिलाई मशीनला टेकून इतकी हसली की मास्तरांना मशीनची काळजी वाटली. मास्तर रागावून म्हणाले, सरळ तीस नंबर घ्या की, हे एकोण कशाला मधे.

कप्तानाचे हसू थांबले. "बारा वर्षांपूर्वी पहिल्या पात्रता फेरीत आपण एका गुणानं राहिलो, मास्तर. तेव्हा मी दहा नंबर घालायचे. दुसऱ्या दिवशी एकोणतीस मागून घेतला. एक कमी. पाठीवर असलेलं बरं, विसरायला होत नाही."

त्यानंतरही दोनदा संघ उंबऱ्यावरून परत आला होता. ही चौथी खेप. ती चौतीस वर्षांची होती, आणि गुडघ्याने काय सांगितले आहे ते तिने डॉक्टरांआधी स्वतःच ऐकले होते. या सामन्यानंतर, जिंकलो तर अजिंक्यपद, हरलो तर काउंटर. हे तिने इतक्या सहज सांगितले की जणू खोकल्याचे औषध कितीदा घ्यायचे ते सांगते आहे.

मास्तरांनी एक कोरी जर्सी ओढली आणि तिच्यावर दोन आणि नऊ शिवायला घेतले. मशीन बाजूला ठेवले, हाताने शिवले. टाचणीरावांनी त्या दिवशी मनात एक ठराव मांडला, स्वतःच अनुमोदन दिले आणि स्वतःच मंजूर केला : काही होवो, या सामन्यात एकोणतीस नंबर मैदानावर दिसला पाहिजे.

उरल्या अठरा. टाचणीरावांनी त्या पलंगाखाली ढकलल्या. महासंघाला कळले असते तर इतिवृत्तात आले असते, आणि लिहिणार कोण, तर तेच. बायकोने झाडताना त्या बाहेर काढल्या, मोजल्या, आणि इमारतीची बिऱ्हाडेही मोजली. तिचे म्हणणे असे की पांढरी वस्तू पलंगाखाली लपत नाही, गर्दीत लपते. एरवी हॉल निम्मा रिकामा असतो, तिथे घरटी एक माणूस जर्सी घालून बसवा, ओरडायला माणसेही होतील. टाचणीरावांनी विरोध केला, म्हणजे ते गप्प बसले.

बातमी मिळताच मास्तरांकडे रांग लागली. कोरी पाठ कुणालाच नको. प्रत्येकाला आपल्या खोलीचा नंबर हवा होता. मास्तरांनी एक ते अठरा शिवून दिले. अडचण एवढीच की अठराही जर्सी कप्तानाच्या मापाच्या, म्हणजे उंच आणि सडपातळ. गाण्याच्या बाईंची जर्सी गुडघ्यापर्यंत आली. जकातवाल्यांच्या पोटाने पाठीवरचा दोन इतका ताणला गेला की तो पाचसारखा दिसू लागला. ते म्हणाले, थोडी घट्ट आहे, पण आब आहे.

सामन्याच्या दिवशी मुख्यालयाचे निरीक्षक आले. हातात पट्टी, बगलेत तीन पानी पत्र. त्यांनी बाराही जर्सींचे आकडे मोजले, पांढरा रंग एका पुठ्ठ्याशी ताडून पाहिला, एका आकड्याची कड नखाने उचकटायचा प्रयत्न केला आणि नख मोडून घेतले. मास्तर पहिल्या रांगेतून हे समाधानाने पाहत होते, म्हणजे धूसर पाहत होते. घाईत ते दूरचा चष्मा घरी विसरून जवळचाच लावून आले होते.

मग निरीक्षकांची नजर प्रेक्षकांकडे गेली. जकातवाल्यांच्या शिस्तीमुळे इमारत नंबरवार बसली होती, एकपासून अठरापर्यंत, एका ओळीत. यात दोन आणि नऊ यांच्यामध्ये सहा माणसे येत होती, जे दोन्ही बाजूंना सोयीचे होते. निरीक्षकांनी टाचणीरावांना विचारले, तुमचे एवढे राखीव खेळाडू आहेत का, आणि त्यातल्या त्या सहा नंबरच्या आजींचे वय काय?

"ती आमची इमारत आहे," टाचणीराव म्हणाले.

निरीक्षकांनी बराच वेळ विचार करून ते लिहून घेतले.

सामना सुरू झाला. पलीकडच्या संघातली सर्वांत बुटकी खेळाडू आपल्या सर्वांत उंच मुलीच्या डोक्यावरून घड्याळ पाहू शकत होती. पण आपल्या मुली त्या उंचीच्या खालून, बाजूने, मिळेल त्या फटीतून जात होत्या. लिफ्टवाली चेंडूसाठी अशी उसळे की अडकलेली लिफ्ट सुटल्यासारखी वाटे. आणि सगळ्यांच्या मध्ये कप्तान. ती फारशी धावत नव्हती. गुडघा धावू देत नव्हता. पण चेंडू जिथे यायचा तिथे ती आधीच उभी असे, गिऱ्हाइकाने चिठ्ठी उघडायच्या आत बाटली काढून ठेवावी तशी. टाचणीराव गुणलेखकाच्या टेबलाशी बसून कोटावरच्या टाचण्या एकेक करून कुरवाळत होते.

दोन मिनिटे उरली. आपले पंचावन्न, त्यांचे सत्तावन्न. उडी मारताना कुणाचे तरी कोपर लागले आणि कप्तानाची भुवई फुटली. मुद्दाम नव्हते, मारणारीच आधी रडू लागली. डॉक्टर धावले. जखम लहान होती, पट्टीने भागणार होते. पण पंचांनी जर्सीकडे बोट दाखवले. छातीवर रक्ताचे तीन डाग. डाग पडलेल्या जर्सीने खेळता येत नाही, बदलून या. नियम सर्वांना माहीत होता. दुसरी जर्सी कुणालाच माहीत नव्हती. ठराव क्रमांक सातमध्ये बारा म्हटले होते, आणि ठराव टाचणीरावांनीच लिहिला होता.

निरीक्षकांनी पत्राचे तिसरे पान काढले. नंबर यादीतलाच हवा. एकोणतीस. आणि शिवलेला.

 टाचणीरावांनी वर पाहिले. वर कप्तानाच्या मापाच्या अठरा जर्सी ओळीने बसल्या होत्या.

सत्तावीस वर्षांची शिल्लक होती, ती त्यांनी एका दमात वापरली. "दोन नंबर, जर्सी काढा! नऊ नंबर, पाठ करा इकडे! मास्तर, सुई!"

जकातवाल्यांनी बाह्यांशी झटापट सुरू केली. जर्सी चढताना जेवढी घट्ट होती तेवढीच उतरतानाही होती, आणि मध्येच त्यांचे डोके आत अडकले. तोवर मास्तर बाईंच्या पाठीवरचा नऊ उसवायला लागलेही होते.

"काढा ना लवकर, किती वेळ लावता," गाण्याच्या बाई म्हणाल्या. अकरा वर्षांतले पहिले वाक्य.

"आधी तुमचा नऊ सुटू दे," जर्सीच्या आतून उत्तर आले. "आणि मागून जरा ओढा, मला दिसत नाहीये."

बाईंनी ओढले. जकातवाले बनियनवर उरले. चाळीस वर्षे इतरांना बॅगा उघडायला लावणारा माणूस आठशे लोकांसमोर असा बसला, आणि त्याने हाताची घडीसुद्धा घातली नाही. आब वेगळ्याच ठिकाणी असतो, हे टाचणीरावांना तेव्हा कळले, पण लिहून घ्यायला वेळ नव्हता.

डॉक्टर भुवईला पट्टी लावत होते तोवर मास्तरांनी मधला दोन उसवून डावीकडे बसवला. मग तिघी मुलींनी टॉवेल धरले, कप्तानाने जर्सी बदलली आणि बाकामागे पाठ करून उभी राहिली. टाचणीरावांनी कॉलरखालच्या सहा टाचण्या काढून नऊ जागेवर धरला. आयुष्यात प्रथमच ते कागद सोडून दुसऱ्या कशाला टाचत होते. मास्तर शिवू लागले.

समोर खेळ चालू होता. कप्तान सुईकडे नव्हे, मैदानाकडे पाहत होती. पाठीवर सुई फिरत असताना ती तसूभर हलली नाही, फक्त ओरडत होती, "डावीकडे! अजून डावीकडे!" ते अठरा नंबरला होते. पण मास्तरांनी गिऱ्हाइकाचे ऐकून नऊ डावीकडे घेतला, अजून थोडा घेतला, आणि तो दोनला जाऊन भिडला.

अठ्ठावन्न, एकोणसाठ. बावीस सेकंद. मास्तरांनी दाताने दोरा तोडला. टाचणीरावांनी टाचण्या काढून मोठ्याने मोजल्या, सहाच्या सहा. निरीक्षकांनी पट्टी लावली, मग दोन्ही हातांनी नऊ खेचला. कप्तान एक पाऊल मागे आली, नऊ आला नाही. त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

कप्तान आत गेली. आणि मग जे झाले ते टाचणीराव अजूनही सांगताना खुर्चीवरून उठतात. चेंडू तिच्या हातात येताच पलीकडच्या दोघी तिच्यावर धावल्या, त्यांच्या यादीत एकोणतीस नंबराखाली बहुधा लाल रेघ असावी. ती रिंगकडे वळली, हात वर नेले. हॉलमधल्या सगळ्यांना वाटले, ही मारणार. बारा वर्षे वाट पाहिलेला चेंडू होता तो. तिने तो न बघता बाजूला दिला. तिथे, नको तितकी डावीकडे, अगदी एकटी, अठरा नंबर उभी होती. जिचा आठ एकदा पडला होता ती. आज आठ जागेवर होता. तिने चेंडू दात काढायच्या हलक्या हाताने रिंगमध्ये ठेवला.

पलीकडच्यांचा शेवटचा चेंडू रिंगच्या कडेवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला. कप्तान मैदानाच्या मध्यावर खाली बसली आणि बाकीच्या अकरा तिच्यावर कोसळल्या. बनियनमधले जकातवाले गाण्याच्या बाईंना सायकलींसाठी दुसऱ्या खिडकीची जागा दाखवत होते.

आवाज इतका होता की मशीन परवडले. मास्तर टेबलाच्या कडेला हात धरून उभे होते, बोटात अजून सुई, आणि जवळच्या चष्म्यातून गुणफलकाकडे डोळे बारीक करून बघत होते. त्यांनी टाचणीरावांची बाही ओढली.

"काय झालं? त्यांचे किती?"

"एकोणसाठ!"

मास्तरांचा चेहरा पडला. "एकूण साठ? आणि आपले?"

टाचणीरावांनी त्यांच्या कानाशी तोंड नेले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला.

"आपले एकूण साठ, मास्तर. एक कमी त्यांचा."